लॅबमधल्या ३८ उबंटू पीसींना एकच लॉगिन कसं द्यावं?

लॅब_ताई

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दोन लॅब माझ्याकडे आहेत, पहिलीत २२ पीसी, दुसरीत १६. सगळ्यांवर उबंटू लिनक्स २२.०४. तिन्ही वर्षांची मिळून १८० मुलं. प्रत्येक पीसीवर एकच खातं, नाव 'स्टुडंट' आणि पासवर्डही 'स्टुडंट'. मी रुजू झाले त्याच्या आधीपासून हे असंच चालत आलंय.

मागच्या महिन्यात टी.वाय.ची एक मुलगी रडत माझ्या टेबलाशी आली. तिचा प्रोजेक्ट १७ नंबरच्या पीसीवर होता, ती कायम तिथंच बसायची. दुपारच्या बॅचमधल्या एका मुलानं डेस्कटॉपवर फार पसारा झालाय म्हणून सगळं निवडून उडवलं आणि कचरापेटीही रिकामी केली. त्याला तरी काय बोलणार, त्याच्या लेखी ते त्याचंच खातं. दोन महिन्यांचं काम गेलं. घरी लॅपटॉप नाही. पेनड्राइव्हमध्ये प्रत होती, पण ती दिवाळीच्या आधीची. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्रॅम लावून मी रात्री आठपर्यंत बसले. थोड्या मिळाल्या, पण नावं गेलेली, कुठली कुठल्या फोल्डरमधली ते कळेना. प्रत्येक मुलाला स्वतःचं खातं हवं आणि ते कुठल्याही पीसीवर चालायला हवं, हे मी त्या रात्री घरी जाताना ठरवलं.

आधी एक स्क्रिप्ट लिहिली आणि सगळी खाती सगळ्या पीसींवर तयार केली. १८० गुणिले ३८, म्हणजे ६,८४० खाती. चार दिवसांत लक्षात आलं की मुलानं ५ नंबरवर पासवर्ड बदलला तर उरलेल्या ३७ पीसींवर जुनाच राहतो. शिवाय दोन पीसींवर यादीचा क्रम वेगळा लागला होता, त्यामुळे यूआयडी, म्हणजे लिनक्स प्रत्येक खात्याला देतं ते आकडे, सरकले. एकीकडून दुसरीकडे फोल्डर कॉपी केलं तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागल्या.

मग एक जास्तीचा पीसी (८ जीबी रॅम, १ टीबी डिस्क) सर्व्हर म्हणून घेतला आणि इंटरनेटवरचं वाचून त्यावर ओपन-एलडॅप (सगळी खाती एका जागी ठेवणारा प्रोग्रॅम) बसवलं. लॅबच्या पीसीवर 'आयडी' आदेश देऊन मुलाचं नाव टाकलं तर माहिती बरोबर येते. पण लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड टाकला की क्षणभर काळी स्क्रीन आणि पुन्हा लॉगिन स्क्रीन. काळ्या पडद्याच्या, नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर आत जाता येतं, पण 'डिरेक्टरी नाही' असा संदेश येतो. आठवडाभर इथंच अडकले आहे.

आमच्याकडे लाईट दिवसातून एकदा-दोनदा जातेच. लॅबचा यूपीएस वीस मिनिटं ओढतो. सर्व्हर बंद पडला आणि ३८ पीसींवर कुणालाच शिरता आलं नाही, तेही प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आलेले असताना, तर काय करायचं? खर्चाला पैसे नाहीत. कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

जुना_युनिक्सवाला

ताई, तुम्हाला वाटतंय तितकं बिघडलेलं नाही. पासवर्ड मान्य होतोय, म्हणजे एलडॅपनं त्याचं काम केलं. त्या मुलाचं होम फोल्डर (खात्याच्या फाइली आणि सेटिंग राहतात ते) त्या पीसीवर अस्तित्वातच नाही, त्यामुळे डेस्कटॉपला स्वतःच्या सेटिंग लिहायला जागा मिळत नाही आणि तो उघडल्या उघडल्या मिटतो. 'पॅम-ऑथ-अपडेट' चालवा. यादीत 'लॉगिनच्या वेळी होम फोल्डर तयार करा' अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यावर खूण करा. ते 'एमकेहोमडिर' नावाचं मॉड्यूल आहे. उद्या सकाळी एका पीसीवर करून बघा, डेस्कटॉप उघडेल.

पण तेवढ्यावर थांबू नका असं मी कळकळीनं सांगेन. पुण्यात एका डिझाइन ऑफिसातली लिनक्स वर्कस्टेशनं मी १९ वर्षं सांभाळली. एका जागेवरून लॉगिन देणाऱ्या व्यवस्थांपैकी सुरुवात एनआयएसवर केली, मग ओपन-एलडॅप, शेवटी फ्री-आयपीए. या विषयात माणूस गोंधळतो, कारण 'लॉगिन' या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न असतात. समोर बसलेला कोण आहे, तो खरंच तोच आहे का, आणि त्याचं सामान कुठं ठेवलंय. पहिल्याचं उत्तर पीसी 'एनएसस्विच' फाइल वाचून शोधतो, दुसऱ्याचं पॅम या पासवर्ड तपासणाऱ्या भागाकडून घेतो, तिसरं म्हणजे होम फोल्डर. तुमचे पहिले दोन सुटले होते, तिसरा राहिला होता. तिन्हींना एकदम हात घातला की काय बिघडलंय हेच समजत नाही.

कुणी एनआयएस सुचवलं तर ऐकू नका. सन मायक्रोसिस्टिम्सनं ते केलं तेव्हा नाव 'यलो पेजेस' होतं. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघालं म्हणून बदललं, पण त्याचे आदेश आजही 'वायपी'नं सुरू होतात. बसवायला फार सोपं. पण नेटवर्कवरच्या कुठल्याही पीसीनं मागितलं की ते सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, देऊन टाकतं. कॉम्प्युटर सायन्सच्या १८० मुलांमध्ये एक तरी हुशार मागणारा निघतोच. रेड हॅटनं तर ९ व्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलंय.

तुम्हाला हवंय ते कर्बेरॉस. त्याचा जन्मच तुमच्या प्रश्नातून झालाय. अमेरिकेतल्या एमआयटीनं १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथेना सुरू केला. विद्यार्थ्यानं कॅम्पसमधल्या कुठल्याही वर्कस्टेशनपुढे बसावं आणि त्याला त्याचंच काम समोर दिसावं, ही त्यामागची कल्पना. कर्बेरॉस तिथं तयार झालं. आपल्याकडे एसटीचा पास काढतो तसं समजा. डेपोत एकदा ओळख पटवायची, पास घ्यायचा, मग प्रत्येक गाडीत कंडक्टरला पास दाखवायचा. कंडक्टर तुमचा दाखला मागत नाही. इथंही पासवर्ड नेटवर्कवरून जात नाही, ठरावीक वेळेपुरतं तिकीट मिळतं आणि पुढं सगळीकडे ते तिकीट चालतं.

कर्बेरॉस आणि एलडॅप हातानं जुळवणं कष्टाचं आहे. फ्री-आयपीएमध्ये ते जुळवलेलंच मिळतं. एलडॅपसाठी '३८९ डिरेक्टरी सर्व्हर' हा प्रोग्रॅम, एमआयटीचं कर्बेरॉस, प्रमाणपत्रांसाठी डॉगटॅग, हवं असेल तर डीएनएस (नावावरून पीसीचा पत्ता सांगणारी सेवा), आणि खाती सांभाळायला ब्राउझरमध्ये उघडणारं पान. फुकट आहे. तुमचा ८ जीबीचा पीसी तुमच्या आकड्यांना पुरेल. मात्र सर्व्हर उबंटूवर बसवायच्या वाट्याला जाऊ नका, त्यावर अल्मा लिनक्स किंवा रॉकी लिनक्स ९ टाका. लॅबचे पीसी उबंटूच राहू देत, त्यांच्यासाठी 'फ्रीआयपीए-क्लायंट' हे पॅकेज आहे. ते जोडताना होम फोल्डर तयार करण्याचा पर्याय तेवढा द्यायला विसरू नका.

बसवण्याच्या आधी दोन गोष्टी ठीक करा, घड्याळ आणि नावं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ तक्रारी याच दोन ठिकाणच्या असतात.

घड्याळाचं असं आहे की सर्व्हर आणि पीसी यांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस तिकीट देत नाही. जुनं तिकीट चोरून कुणी नंतर वापरू नये म्हणून ही मर्यादा आहे. सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा आणि सगळ्या पीसींना वेळ त्याच्याकडूनच घेऊ द्या. सर्व्हरला सरकारी एनआयसीच्या 'समय' सर्व्हरांची किंवा दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीची वेळ द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना हेच सांगितलंय, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायलाही.

नावांचं जास्त किचकट आहे. डोमेन ठरवताना शेवटी 'लोकल' लावू नका. ते एमडीएनएससाठी राखीव आहे. उबंटू तसलं नाव आजूबाजूच्या पीसींना विचारून बघतो, उत्तर नाही मिळालं तर तिथंच सोडून देतो, तुमच्या डीएनएसपर्यंत पोचतच नाही. कॉलेजच्या वेबसाइटचं जे डोमेन असेल त्याच्या पोटात 'लॅब' असं नाव घ्या. सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये त्याचं पूर्ण नाव त्याच्या खऱ्या आयपीशी जोडलेलं हवं. पीसींना डीएनएस म्हणून फक्त तुमचा सर्व्हर द्या. बरेच जण 'असू दे' म्हणून दुसऱ्या क्रमांकावर गूगलच्या डीएनएसचा पत्ता ८.८.८.८ टाकतात. मग कधीतरी पीसी तिकडे विचारतो, गूगल 'असं नाव जगात नाही' म्हणून सांगतं, आणि मुलाचं लॉगिन सकाळी चालतं पण दुपारी चालत नाही. असला अधूनमधून येणारा दोष शोधण्यात मी एकदा तीन दिवस घालवले आहेत.

यूआयडी सरकण्याचा त्रास आपोआप जाईल. फ्री-आयपीए बसवताना ते स्वतःच दोन लाख आकड्यांची एक लांबची पट्टी निवडतं. उबंटूची स्थानिक खाती १००० पासून सुरू होतात, त्यामुळे टक्कर होत नाही.

आता लाईटचं. पीसीवर एसएसएसडी नावाची सेवा असते. एखादा मुलगा त्या पीसीवर एकदा जरी लॉगिन झालेला असेल, तर ती त्याची माहिती आणि पासवर्डचा हॅश जपून ठेवते. सर्व्हर बंद असला तरी त्याला आत घेते. फ्री-आयपीएचा क्लायंट हे सुरुवातीपासूनच चालू करून देतो. पण अट लक्षात घ्या, 'त्या पीसीवर एकदा'. म्हणून परीक्षेच्या आठवडाभर आधी बैठकव्यवस्था लावा आणि प्रत्येकाला आपल्या जागेवर एकदा लॉगिन करायला लावा.

कृष्णाकाठ

युनिक्सवाले सरांचं बरोबर आहे, पण ताई एकट्या आहेत आणि पीसी ३८ च आहेत. मी एका शाळेत एलटीएसपी चालवतो. त्यात पीसीच्या हार्ड डिस्कवर काहीच नसतं, सगळे पीसी नेटवर्कवरून सर्व्हरची एकच इमेज घेऊन सुरू होतात. खाती सर्व्हरवरची नेहमीची लिनक्स खाती, होम फोल्डर एसएसएच-एफएसनं जोडलेलं. ना कर्बेरॉस, ना डीएनएसची कटकट. नवीन सॉफ्टवेअर टाकायचं तर एका ठिकाणी टाकायचं. २०१९ मध्ये ते नव्यानं लिहिलं गेलं, तेव्हापासून बसवायलाही खूप सोपं झालंय. माझ्याकडे २० पीसी आहेत. सोमवारी सकाळी लॅब उघडतो आणि सगळे सारखे सुरू होतात, याचं सुख मोठं आहे.

फक्त स्विच गिगाबिट हवा.

लॅब_ताई

दोघांचे मनापासून आभार. 'पॅम-ऑथ-अपडेट' करून बघितलं आणि डेस्कटॉप उघडला! आठ दिवस एका खुणेसाठी बसले होते.

कृष्णाकाठ दादा, एलटीएसपीबद्दल वाचलं आणि मोह झाला. पण दुसऱ्या लॅबचा स्विच १०० एमबीपीएसचा आहे. १६ पीसी एकदम त्यावरून सुरू करून कसं होईल असं वाटतं. आणि सर्व्हर पडला तर पीसी सुरूच होणार नाहीत ना? माझी खरी भीती तीच आहे.

कृष्णाकाठ

हो, १०० च्या स्विचवर करू नका, मुलं स्क्रीनकडे बघत बसतील. आणि सर्व्हर पडला तर सगळंच थांबतं हेही खरं. माझ्या शाळेत इन्व्हर्टर आहे म्हणून निभावतं. तुमच्या लाईटचा विचार केला तर फ्री-आयपीएच बरं.

सह्याद्री_रूट

एक महत्त्वाचं कुणी विचारलं नाही. ताई, ते 'स्टुडंट' खातं उबंटू बसवताना तयार केलेलं आहे का? तसं असेल तर त्याला सुडोचे अधिकार आहेत. म्हणजे आज प्रत्येक मुलगा प्रत्येक पीसीवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, होऊ शकतो. नवीन व्यवस्था लावण्याआधी ते खातं काढा. प्रत्येक पीसीवर एक स्थानिक ॲडमिन खातं ठेवा, त्याचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे आणि विभागप्रमुखांकडे. सर्व्हरशी काही बिनसलं तर पीसीत शिरायचा तोच एक दरवाजा राहतो, म्हणून तो सर्व्हरवरचा नको. बायोसलाही पासवर्ड लावा आणि पेनड्राइव्हवरून बूट होणं बंद करा.

हे सांगायचं कारण म्हणजे फाइली. तुम्ही आता सगळ्यांचे होम फोल्डर एनएफएसनं (सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची पद्धत) सर्व्हरवर न्यायचा विचार करत असाल. साध्या एनएफएसमध्ये सर्व्हर पीसीच्या शब्दावर विश्वास ठेवतो. पीसी म्हणाला 'हा यूआयडी अमुक', तर सर्व्हर त्याच्या फाइली उघडून देतो. रूट-स्क्वॅश लावलं तरी ते फक्त रूटला अडवतं. रूट झालेला मुलगा दुसऱ्या मुलाचा यूआयडी घेऊन आला तर अडवत नाही. एखाद्यानं स्वतःचा लॅपटॉप केबलला लावला तरी तेच होतं. ज्या मुलीचा प्रोजेक्ट गेला, तिचा प्रोजेक्ट मग ३८ ठिकाणांहून उडवता येईल. म्हणून एनएफएस करायचं तर आवृत्ती ४ आणि कर्बेरॉससकट, 'केआरबी५पी' पर्याय लावून. मग ज्याच्याकडे तिकीट त्याच्याच फाइली उघडतात आणि मधला प्रवासही कूटबद्ध असतो. फ्री-आयपीए बसवताय म्हणजे कर्बेरॉस आलेलंच आहे, जास्तीचं काम थोडं.

पण माझं ऐकाल तर पूर्ण होम फोल्डर नेटवर्कवर नेऊच नका. फायरफॉक्स, संपादक, डेस्कटॉप हे सगळे होममध्ये सतत बारीकसारीक लिहीत असतात आणि फाइली कुलूपबंद करतात. मुलगा एका पीसीवर लॉगआउट न करता उठला आणि दुसऱ्यावर बसला की 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' असा संदेश येतो. त्यात १०० चा स्विच. होम पीसीवरच राहू दे. सर्व्हरवर प्रत्येकाचं फक्त 'काम' नावाचं फोल्डर ठेवा आणि ऑटोएफएसनं ते लॉगिननंतर आपोआप जोडलं जाऊ दे. मुलांना एकच नियम सांगा, जे जपायचं ते 'काम'मध्ये. प्रत्येकाला २ जीबीचा कोटा दिला तर १८० मुलांचे ३६० जीबी होतात, तुमच्या डिस्कवर आरामात बसतात. अल्मावर एक्सएफएस ही फाइल व्यवस्था असते, त्यात कोट्याची सोय आहेच.

लाईट गेली तर होम चालू राहील, 'काम' सर्व्हर परत आल्यावर दिसेल. आणि ती १ टीबी डिस्क एकटी आहे हे विसरू नका. रोज रात्री आरसिंकनं बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या.

जुना_युनिक्सवाला

सह्याद्री यांच्याशी पूर्ण सहमत, विशेषतः होम पीसीवर ठेवण्याबद्दल. आमच्या ऑफिसात आम्ही सगळी होम फोल्डर नेटवर्कवर ठेवली होती. सकाळी साडेनऊला सगळे एकदम लॉगिन व्हायचे तेव्हा सर्व्हरची डिस्क अर्धा तास दम खायची नाही.

आणखी एक. दुसऱ्या लॅबमध्ये एक बरासा पीसी निवडून त्यावर फ्री-आयपीएची रेप्लिका (सतत जुळत राहणारी दुसरी प्रत) बसवा. पहिला सर्व्हर गेला तर ती लॉगिन सांभाळते, आणि पहिल्याची डिस्क कायमची गेली तरी १८० खाती पुन्हा भरावी लागत नाहीत. तिच्यावरही डीएनएस बसवलं तर पीसींना डीएनएसच्या दुसऱ्या जागी रेप्लिकाचा पत्ता देता येईल.

लॅब_ताई

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, सबमिशनचे दिवस होते.

'स्टुडंट' खातं सुडोमध्येच होतं. सह्याद्री दादा, तुम्ही विचारलं नसतं तर माझ्या डोक्यात आलं नसतं. सगळ्या ३८ पीसींवरून काढलं.

सर्व्हरवर अल्मा ९ आणि फ्री-आयपीए बसलं. आधी चारच पीसी जोडले, ते दोन आठवडे वापरून बघितले आणि मग पहिली लॅब पूर्ण केली. लॅबच्या राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक पीसीवर नेटवर्क सेटिंगमध्ये हातानं टाकला. एक शनिवार त्यात गेला.

खात्यांची नावं ठरवताना रोल नंबर घ्यायचं म्हणत होते, पण तो दरवर्षी बदलतो. विद्यापीठाचा पीआरएन नंबर तीन वर्षं तोच राहतो, म्हणून तो घेतला. नुसते आकडे असलेलं नाव लिनक्समध्ये यूआयडीशी गोंधळतं, म्हणून पुढे 'एस' अक्षर लावलं.

पहिल्या दिवशी मुलं मला लॉगिन स्क्रीनवर नावच नाही म्हणून सांगायला येत होती. यादीत फक्त माझं ॲडमिन खातं दिसत होतं आणि खालचं 'यादीत नाही?' कुणाला दिसत नव्हतं. लॉगिन स्क्रीनची ती यादीच बंद केली, आता सरळ नाव विचारतं. दुसरा गोंधळ म्हणजे मी दिलेला पासवर्ड पहिल्याच लॉगिनला बदलायला लावतो. तो आधी जुना पुन्हा विचारतो, मग नवा दोनदा. मुलं जुन्याच्या जागी नवा टाकत होती आणि अडकत होती. शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'जुना, नवा, नवा' लिहून ठेवलं. अजून पुसलेलं नाही.

आणि १७ नंबर. २१ पीसींवर लॉगिन चालतंय आणि नेमकं त्याच एकावर नाही. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, सर्व्हरचं नाव सापडतंय. दोन तास गेल्यावर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवरचा सेल संपलेला होता. लाईट गेली की वेळ जुन्या तारखेला जात होती आणि तिथून क्रोनी वेळ लावेपर्यंत मुलगा पासवर्ड टाकून मोकळा झालेला असायचा. घड्याळवाल्याच्या दुकानातून सीआर२०३२ सेल आणून बसवला. मग सगळ्या पीसींचे मागचे पत्रे उघडले. आणखी सहा सेल बदलले.

'काम' फोल्डर केआरबी५पीवर चालू आहे. टी.वाय.च्या त्या मुलीनं प्रोजेक्ट पुन्हा लिहिला, ती आता दुसऱ्या लॅबमध्ये बसूनही तोच उघडते. गेल्या मंगळवारी भर प्रॅक्टिकलमध्ये लाईट गेली, सर्व्हरचा यूपीएसही बसला. मी धावत पहिल्या लॅबमध्ये गेले. पीसी त्यांच्या यूपीएसवर होते. एक मुलगी तेव्हाच लॉगिन करत होती, आणि झाली.

रेप्लिका या सुट्टीत करणार. एक शेवटची शंका. परीक्षेच्या दिवशी या व्यवस्थेत आणखी काही आडवं येऊ शकतं का? एप्रिलमध्ये बाहेरचे परीक्षक येणार आहेत.

जुना_युनिक्सवाला

ताई, वाचून फार आनंद झाला. सेल उघडून बघायचं तुम्हाला आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. मी घड्याळावर एवढं लिहून तेच राहिलं होतं.

परीक्षेसाठी दोन गोष्टी आत्ताच बदला. फ्री-आयपीएच्या मूळ पासवर्ड धोरणात पासवर्डचं आयुष्य ९० दिवस असतं. तुमच्या मुलांनी ते एकाच आठवड्यात बदललेत, म्हणजे एकाच आठवड्यात संपतील. आजपासून मोजून बघा, तो आठवडा परीक्षेच्या जवळ येतो का ते. विद्यार्थ्यांचा गट करून त्याला वेगळं धोरण द्या आणि मुदत पूर्ण वर्षाची करा. पण मुदतीची तारीख पासवर्ड बदलतानाच खात्यावर लिहिली जाते, त्यामुळे नवं धोरण जुन्या पासवर्डला लागू होत नाही. धोरण बदलल्यानंतर मुलांना एकदा पासवर्ड बदलायला लावावा लागेल. तुमचं फळ्यावरचं पुसू नका.

दुसरं, सहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं १० मिनिटं बंद होतं. घाबरलेलं पोर परीक्षेत सहा वेळा सहज चुकतं, आणि शेजारच्याचं नाव टाकून मुद्दाम कुणी चुकलं तरी शेजारच्याचंच खातं बंद होतं. आकडा वाढवून दहा-बारा करा. आणि खातं लगेच उघडायचा 'आयपीए यूजर-अनलॉक' हा आदेश कागदावर लिहून परीक्षेच्या दिवशी टेबलावर ठेवा. तो आदेश देण्याआधी 'केइनिट'नं ॲडमिनचं तिकीट घ्यावं लागतं, तेही त्याच कागदावर लिहा.

लॅब_ताई

तारीख मोजली सर. ९० दिवस बरोबर एस.वाय.च्या प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या दिवशी संपत होते. धोरण आत्ताच बदललं. सोमवारपासून बॅचनुसार सगळ्यांना पासवर्ड बदलायला बसवते, आधी एस.वाय.